सुसर : विज्ञानकथेतलं महाकाय लष्करी मालवाहू विमान (चुका दाखवा, मदत हवी आहे)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं एक मोठी विज्ञानकथा लिहितोय. दीडशे वर्षांनंतरची युद्धकथा आहे. लघुग्रहांवरच्या खाणवसाहती पृथ्वीपासून फुटून निघाल्यात आणि त्यांचं मुख्य हत्यार आहे दगड. स्फोटकं नाहीत, अणुबॉम्ब नाही. वरून नेम धरून दगड सोडायचा. आमच्याकडे जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं राखताना जे वापरतात तेच नाव मी त्या हत्याराला दिलंय : गोफण.

गोफणीने पूल, रेल्वे, घाटरस्ते सगळं तोडलंय. सह्याद्रीचा घाटमाथा एकटा पडलाय आणि तिथे २० चालत्या तोफा पोचवायच्या आहेत, प्रत्येकी २५ टन. म्हणजे ५०० टन. त्यासाठी माझं विमान आहे, त्याचं नाव सुसर. नाक वर उचललं जातं आणि पूर्ण जबडा उघडतो. पहिल्यांदा चित्र काढलं तेव्हा औदुंबरच्या डोहाकाठी जबडा वासून ऊन खात पडलेली मगरच डोळ्यांपुढे होती.

मोजमापं अशी. आतापर्यंत बांधलं गेलेलं सगळ्यात जड विमान आंतोनोव्ह २२५ 'म्रिया' : लांबी ८४ मीटर, पंख ८८ मीटर, कमाल वजन ६४० टन, माल २५० टन. मी सगळं दुप्पट केलंय. लांबी १६८, पंख १७६, वजन १,२८०, माल ५००. चाकं ३२ ची ६४. उतरणार साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्या काढून केलेल्या धावपट्टीवर.

हे विमान डोक्यात कसं आलं ते सांगतो. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात गच्चीवर होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. महामार्ग बंद, दूध नाही, पिण्याचं पाणी नाही. वरून हेलिकॉप्टरचा आवाज आला की सगळी गच्ची आभाळाकडे बघायची. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, सगळ्यांना पुरेल एवढं मोठं विमान नसतं का?" ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

कथेत हे विमान खोटं वाटायला नको. जिथे चुकलोय तिथे स्पष्ट सांगा.

पाढे_पंचावन्न (इस्लामपूर)

दादा, कल्पना फार आवडली. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते.

"सगळं दुप्पट" हे चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट केल्या की वस्तू २ × २ × २ म्हणजे ८ पट जड होते. पंखाचं क्षेत्रफळ मात्र २ × २, म्हणजे ४ पटच वाढतं. म्रियाच्या पंखाचं क्षेत्रफळ ९०५ चौरस मीटर आहे, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ७०० किलो भार. तुमची सुसर खरोखर दुप्पट असेल तर तिचं वजन १,२८० नाही, ५,१२० टन होईल. पंख ३,६२० चौरस मीटर. दर चौरस मीटरला १,४०० किलो. भार दुप्पट झाला की उडायला लागणारा वेग १.४१ पट होतो आणि धावपट्टीही त्या मानाने कितीतरी लांब लागते. हे गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या बाबतीत मांडून ठेवलंय : हत्तीचा पाय म्हणजे मोठा केलेला हरणाचा पाय नव्हे, त्याची जाडीच वेगळी लागते.

भार म्रियाइतकाच ठेवायचा असेल तर पंख प्रमाणाबाहेर मोठे करावे लागतील. समजा एकूण वजन ३,२०० टन धरलं, तर पंखाचं क्षेत्रफळ ४,५०० चौरस मीटरच्या आसपास हवं. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २४० मीटर आणि सरासरी रुंदी १९ मीटर. जाड, लांब, सुसरीपेक्षा घारीसारखे पंख.

चाकांचंही तेच. म्रियाची ३२ चाकं ६४० टन पेलतात, दर चाकाला २० टन. ३,२०० टनांना १६० चाकं लागतील. ती बसवायला पोटात जागा लागेल, आणि ती जागा मालाची असेल.

एक गोष्ट मात्र तुमची अगदी पक्की आहे. अंतराळातून सोडलेला दगड सेकंदाला ११ किलोमीटरच्या वेगाने येतो असं धरा. दर टनामागे साधारण १४ टन टीएनटीइतकी ऊर्जा होते. थोडी वातावरणात जाईल, तरी एवढा वेग असेल तर स्फोटकं भरायची गरज उरत नाही. गोफण हे नाव तर फारच नेमकं.

भिलवडीकर

नावाला +१. आमचे आजोबा सुसरच म्हणायचे, मगर हा शब्द आमच्या पिढीचा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हवालदार_निवृत्त (सातारा)

नमस्कार. मी सैन्यात एअर डिस्पॅचला होतो. विमानात माल भरणं, बांधणं आणि वरून सोडणं हेच माझं आयुष्यभराचं काम. चंदीगडहून एएन ३२ आणि आयएल ७६ भरलेत. आयएल ७६ ला आपल्या हवाई दलात गजराज म्हणतात, म्हणजे जनावरांची नावं द्यायची रीत आपल्याकडे आहेच.

लेखकांना माझं एकच म्हणणं आहे : विमान उडतं कसं ते तुम्ही खूप लिहिलंय, भरलं कसं ते एका ओळीत उरकलंय. आमच्या लेखी लढाई भरण्यातच असते. २५ टनांची तोफ आत आली की ती नेमकी कुठे उभी राहणार यावर विमानाचा तोल ठरतो. लोडमास्टर, म्हणजे माल भरून घेणारा जबाबदार माणूस, हातात ट्रिम शीट (तोलाचा तक्ता) घेऊन एकेक इंच मोजतो. मग साखळ्या : पुढून, मागून, तिरप्या, प्रत्येकीचा ताण सारखा. २०१३ च्या एप्रिलमध्ये अफगाणिस्तानात बगरामला एका मालवाहू ७४७ मधलं चिलखती वाहन उड्डाण घेतानाच सुटून मागे गेलं. शेपटाकडची यंत्रणा तुटली आणि विमान पडलं. सातही माणसं गेली. तुमच्याकडे २० तोफा आहेत. एक सुटली तर?

दुसरं, रणगाडा विमानाने नेणं ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएमएक्स १३ हे हलके रणगाडे एएन १२ विमानांत घालून लडाखमध्ये चुशूलला उतरवले होते. त्याच्या कितीतरी आधी, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख रेजिमेंट डाकोटांनी उतरली. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच पलटण. आपल्या जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत ती आठवण आहे. त्या दिवशी एएन १२ होती, पॅकेट होती, डाकोटा होत्या. मिळेल ते विमान लावलं. एकाच विमानात सगळी पलटण घातली नव्हती.

एकात सगळं भरलं की शत्रूला एकच नेम लागतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं गिगांट हे सहा इंजिनांचं प्रचंड मालवाहू विमान होतं, लोखंडी नळ्या, लाकूड आणि कापडाचं. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियाला रसद घेऊन निघालेला त्यांचा ताफा दोस्तांच्या लढाऊ विमानांनी समुद्रावरच गाठला आणि बहुतेक विमानं पाडली. मोठं, संथ आणि भरलेलं विमान म्हणजे काय असतं ते तिथे दिसलं.

अपशिंगे या सैनिकांच्या गावातला स्मृतिस्तंभ बघून मोठा झालोय. युद्धाच्या कथेत मेलेल्यांचा हिशोब नीट असावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

मिरज_जंक्शन

हवालदार काकांच्या मुद्द्याला जोडून. मुळात हे विमान लागतंच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

बर्लिनची नाकेबंदी घ्या, १९४८-४९. शहरात वीस लाखांवर माणसं, सगळे रस्ते बंद. सी ५४ विमानं, प्रत्येकी साधारण १० टन माल, आणि दर तीन मिनिटांच्या अंतराने एकामागून एक. कोळसासुद्धा विमानाने नेला. सगळं मिळून पावणेतीन लाखांवर फेऱ्या झाल्या. महाकाय असं एकही विमान नव्हतं, पण शहर जगलं.

आता तुमच्या तोफा. आपल्या हवाई दलाचं सी १७ साधारण ७७ टन उचलतं. २५ टनांच्या तीन तोफा एका विमानात. २० तोफांना ७ विमानं. बर्लिनच्या वेगाने उतरवली तर २१ मिनिटांत काम संपलं. आणि हे आजचं विमान आहे. दीडशे वर्षांनंतरचा सेनापती १६० चाकांचं अजस्र विमान कशाला बांधेल? वाचक पहिल्या प्रकरणातच हे विचारेल.

मी कथा मोडायला बघत नाहीये. मालगाड्या बघत मोठा झालोय. माल ४० डब्यांत विभागता येत असेल तर ४० डबे लावायचे, हे इथल्या पोरांनाही कळतं.

कृष्णाकाठ

खरं सांगतो, मिरजकरांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. त्यांचा हिशोब बरोबर आहे. मलाच माझ्या विमानाचं कारण सापडत नव्हतं. ताई, दुप्पटीची चूक मान्य. काका, भरण्याचं प्रकरण नव्याने लिहितोय.

कुणाला काही सुचलं तर सांगा.

पुलर (कराड)

मी ट्रेलर चालवतो. पवनचक्कीची पाती चाळकेवाडीला आणि वनकुसवड्याला चढवलीत, म्हणून या धाग्यात लिहावंसं वाटलं.

मिरजवाले म्हणतात ते खरं, माल विभागता आला तर विभागायचा. पण पातं विभागता येत नाही. ते एकच असतं. ४० मीटरच्या पुढचं पातं घेऊन सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरकडे चढायचं म्हणजे एकेका वळणाला तास जातो. आधी रस्ता पायी चालून बघायचा. कुठली तार उचलावी लागेल, कुठली फांदी छाटावी लागेल, कुणाच्या बांधावरून शेपूट फिरेल, त्या घरमालकाला आधी जाऊन भेटायचं. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग असतं, तिथला माणूस वॉकीटॉकीवर. आम्ही एका वेळी एकच पातं नेतो आणि त्यासाठी सगळा रस्ता थांबतो. दहा लहान ट्रक लावून ते काम होत नाही.

माझ्या मते तुमच्या विमानाचं कारण इथे आहे. मोठी गाडी जास्त मालासाठी नसते, एकसंध मालासाठी असते.

म्रियाने पण तेच केलंय. २०१० साली चीनमधल्या तियानजिनहून डेन्मार्कला ४२ मीटरची दोन पाती नेली. आमच्या लाईनीत त्याची फार चर्चा झाली होती.

आणि चाळकेवाडीवर धावपट्टी करू नका. पवनचक्क्या तिथे उभ्या आहेत त्या वाऱ्यामुळेच. २४० मीटरचा पंख आडव्या वाऱ्यात पठाराच्या कडेला आणणार? मी पातं उतरवताना क्रेनवाल्याला वारा पडायची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसलेलं पाहिलंय.

मिरज_जंक्शन

पुलर भाऊ, पटलं. माझा प्रश्न मिटला. म्रिया बांधलीच होती बुरान हे अंतराळयान पाठीवर न्यायला. बुरानचे तुकडे करता येत नव्हते. २१ डिसेंबर १९८८ ला पहिलं उड्डाण झालं, पूर्ण झालेलं विमान एकच, आणि ते २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधल्या होस्टोमेलच्या लढाईत नष्ट झालं. २०१६ मध्ये हैदराबादला आलं होतं. मी जाऊ शकलो नाही याची हळहळ अजून आहे.

कृष्णाकाठ

पुलर भाऊ, तुमचे किती आभार मानू. तुमच्या एका वाक्याने कथा मार्गी लागली.

आता माल एकच आहे. चालत्या तोफा काढून टाकल्या. त्याऐवजी एक कडं. १४ मीटर व्यासाचं, ९०० टनांचं, एकसंध. त्याला सांधा चालत नाही, सांधला की त्यातलं बलक्षेत्र तुटतं. ते कडं चालू झालं की गोफणीचा दगड वरच्या वर विरतो. कडं तयार होतं विशाखापट्टणमच्या गोदीत, आणि ते बसवायचं कोयनेला. कोयनाच का, तर त्याला लागणारी वीज तिथे आहे. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आणि वीजघरं डोंगराच्या पोटात. वरून दगड पडले तरी ती शाबूत राहतात. गोफणीच्या युद्धात जमिनीखालची वीज हीच खरी वीज.

विशाखापट्टणम ते कोयना जवळजवळ सरळ पश्चिमेला, हजार-एक किलोमीटर. रस्ता नाही, पूल नाहीत. म्हणून विमान.

अडलोय तो उतरण्यावर. कराडची धावपट्टी तेराशे मीटरच्याही आतली. कवलापूरची जुनी धावपट्टी तर कधीच मोडीत निघाली. १६० चाकं ठेवायची कुठे? आणि इंजिनांसाठी अणुभट्टी धरली आहे, ते चालेल का?

पाढे_पंचावन्न

अणुभट्टी काढा दादा. हजार किलोमीटरसाठी तिची गरजच नाही. अणुभट्टीचा फायदा असतो दिवसेंदिवस हवेत राहायचं असेल तर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडने कागदावर एक विमान मांडलं होतं, सीएल १२०१ : पंख सुमारे ३४० मीटर, ४१ दिवस न उतरता उडणारं, अणुभट्टीवर. त्याआधी १९५५ ते ५७ मध्ये अमेरिकेने एका बॉम्बर विमानात चालू अणुभट्टी ठेवून ४७ उड्डाणं केली होती. भट्टी विमान चालवत नव्हती, फक्त सोबत होती. तरी वैमानिकांच्या खोलीला शिसं आणि रबराचं ११ टनांचं कवच द्यावं लागलं. तुम्हाला ते वजन कड्यासाठी हवंय. शिवाय अशी भट्टी कोयनेच्या पाण्याकाठी पडली तर काय, हा प्रश्न तुमच्या कथेतल्या लोकांना पडेलच.

धावपट्टीचं उत्तर नावातच नाही का? सुसर पाण्यातली आहे.

पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला चाकं लागत नाहीत, म्हणजे १६० चाकांचं वजन वाचलं. ह्यूजचं एच ४ आठवा, लाकडाचं, आठ इंजिनांचं, पंख ९७ मीटर. युद्धात पाणबुड्यांना चुकवून माणसं आणि रणगाडे अटलांटिकपार न्यायचे म्हणून काढलेलं. तेही पाण्यावरचंच होतं. २ नोव्हेंबर १९४७ ला एकदाच उडालं, मैलभर, पण उडालं. तुमच्याकडे एका टोकाला बंगालचा उपसागर आहे आणि दुसऱ्या टोकाला शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय.

पुलर

ताई, हे लाख मोलाचं बोललात. आणि धावपट्टीला दगडाने खड्डा पडतो, पाण्याला पडत नाही. शत्रू धावपट्ट्या आधी फोडणार, कारण त्या जागची हलत नाहीत.

तराफा (बामणोली)

नमस्कार. मी बामणोली-तापोळा भागात तराफ्यावर काम करतो. गाड्या पलीकडं न्यायच्या. पुतण्यानं हा धागा दाखवला. टायपिंग त्याचंच, बोलणं माझं.

शिवसागरात इमान उतरवायचं म्हणता तर ऐका. धरण १०५ टीएमसीचं, पण पाणी बारा महिने सारखं नस्तं. ऑगस्ट-सप्टेंबरात तुडुंब, पण तवा धुकं आन पाऊस, चार हातावरचं दिसत न्हाई. मे म्हैन्यात ऊन लख्ख, पण पाणी पार खाली जातं, काठाला नुसता लाल चिखल. ट्रॅक्टरसुद्धा रुततो. तुमास्नी ऑक्टोबर ते डिसेंबर धरावं लागंल. तवा बी सकाळी पाण्यावर धुकं बसतं, धा-साडेधाशिवाय उठत न्हाई. लढाईत ते धुकं उपयोगाचं असंल तर तुमी बघा.

पाणी सरळ न्हाई. डोंगरातनं वळतं. तापोळ्याला कोयना आन सोळशी मिळत्यात तिथं मोकळं हाय. मोठ्या पंखाचं काय आणायचं तर तिथंच.

आता खरं सांगायचं ते असं. तराफ्यावर गाडी चढवताना काय व्हतं? पुढची चाकं चढली की तराफ्याचं तेवढं टोक दबतं आन मागचं उचलतं. दोर ढिला असंल तर तराफा काठापासनं सरकतो आन गाडी मधल्या फटीत जाती. म्हणून आदी दोर, मग फळी, मग गाडी. गाडी थांबायची न्हाई, सरळ मधोमध आणायची. उतरवताना उलटं. गाडी टोकावर आली की ते टोक दबतं, ती उतरली की एकदम वर येतं. जीप असली तरी हिसका बसतो. तुमचं तर ९०० टन. नाकातनं बाहेर काढणार म्हणता. कडं नाकाशी आलं की नाक पाण्यात जाईल, आन दरवाजा तर उघडा. पाणी आत शिरंल की.

पाढे_पंचावन्न

काका, तुमचं बोलणं वाचून मी लगेच कागद घेतला. विमानाचं पाण्यातलं पोट १५० मीटर लांब आणि १८ रुंद धरलं तर २,७०० चौरस मीटर. ९०० टन उतरले की सगळं विमान ३३ सेंटीमीटर, म्हणजे फुटाहून थोडं जास्त, वर येईल. हे सपाट धरलेलं गणित. कडं नाकाशी असताना मात्र सगळा भार एका टोकाला. नाक त्याच्या कितीतरी पट खाली जाईल. उपाय एकच : कडं पुढे सरकेल तसं शेपटाच्या टाक्यांत तलावाचं पाणी भरत जायचं आणि कडं उतरताच ते सोडायचं. पंपांचा वेग आणि कड्याचा वेग जुळला नाही तर सुसर तिथेच बुडेल.

तुमच्या कथेतला सगळ्यात ताणाचा प्रसंग हाच आहे दादा. आकाशातला नाही.

हवालदार_निवृत्त

तराफावाल्यांना सलाम. हेच मी म्हणत होतो. ट्रिम शीट जमिनीवर असो की पाण्यावर, शेवटी तोल सांभाळणारा माणूस लागतो.

जावळीची_लेक (सध्या ठाणे जिल्हा)

धागा पहिल्यापासून वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

शिवसागर म्हणजे तुम्हाला धावपट्टी दिसली, त्यात काही गैर नाही. पण त्या पाण्याखाली आमचं गाव आहे. धरणात आमची जमीन, घर, देऊळ सगळं गेलं आणि आजोबांना इकडे जमीन मिळाली. कोयनेची माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी विखुरली. आजी शेवटपर्यंत वाटा सांगायची. इथून ओढा, तिथून वर आंब्याचं झाड, मग आमचा उंबरा. त्या सगळ्या वाटा पाण्यात आहेत. पाणी उतरलं की जुन्या बांधांच्या रेघा दिसतात. आजोबांना एकदा लाँचने नेलं होतं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त हात पाण्यात धरून बसले.

राज्याला वीज मिळावी म्हणून ती माणसं उठली. तुमच्या कथेत तीच वीज सगळ्यांना वाचवणार आहे. मग ज्यांच्या गावावरून ती आली त्यांच्यातलं कुणीतरी कथेत असावं एवढीच विनंती आहे. ज्याला पाण्याखालचं माहीत आहे असं कुणीतरी. बांध कुठे आहे, खोडं कुठे उभी आहेत, तुमच्या विमानाचं पोट कुठे फाटेल, हे नकाशावर नसतं.

तराफा

ताई म्हणत्यात ते खरं हाय. जुनी खोडं आमी चुकवून चालतो. नव्या माणसाला दिसत न्हाईत. ताई, तुमचं गाव कोंचं? कदी आलात तर सांगा, तराफा बाजूला ठिवून घिऊन जाईन.

जावळीची_लेक

काका, नक्की येईन. आईलाही आणेन.

कृष्णाकाठ

जावळीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, मग विमान पाण्यात आणायला तुमच्या आजीसारखीच आजी पाहिजे. आठ दिवस बसून तो भाग पूर्ण लिहून काढला. एकच तुकडा इथे देतोय. हवालदार काकांनी सांगितल्याप्रमाणे विमानं आता तीन आहेत. पहिली दोन रिकामी, शत्रूची नजर ओढायला. त्यातली एक मराठवाड्यावरच पडली आहे आणि त्यातल्या सगळ्यांची नावं मी लिहिली आहेत.

*धुकं अजून बसलेलं होतं. सुसर पाण्याला टेकली तेव्हा तापोळ्याच्या काठावर आधी आवाज आला, मग लाट, मग काळा जबडा. होडीच्या टोकाला म्हातारी उभी होती. तिच्या हातात कंदील होता, दुसऱ्या हाताने ती डावीकडे, डावीकडे, अशी खूण करत होती.*

*"उजवीकडं काय आहे आजी?" वैमानिकाने विचारलं.*

*"गुरवाच्या घराची भिंत. वीस हात खाली. अजून उभी हाय."*

*सुसर डावीकडे वळली. आतमध्ये लोडमास्टरने पहिली साखळी सोडली. शेपटाच्या टाकीत पाण्याची धार लागली. कडं एक वीत पुढे आलं. काट्याने अर्धा अंश दाखवला. "थांबा," तो म्हणाला. सगळे थांबले. धार चालू राहिली. काटा परत शून्यावर आला. "आता एक वीत."*

*धुकं उठायला पाऊण तास होता. कडं बाहेर यायला त्रेपन्न विती होत्या.*

इथपर्यंत झालंय. लोडमास्टरच्या तोंडचे शब्द बरोबर आहेत का ते काकांनी बघावं.

हवालदार_निवृत्त

"थांबा" चालेल, पण तो हात वर करून मूठ आवळेल. इंजिनांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? हाताची खूणच असते. आणि पहिली साखळी कधीही एकट्याने सोडायची नाही. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, एकाच वेळी. तेवढं बदला. बाकी वाचताना माझे हात आपोआप हलत होते.

पुलर

एक वीत पुढे, मग थांबायचं, हे अगदी बरोबर. पातं वळवताना आम्ही असंच जातो. कड्याच्या खाली रोलर असतील तर पाचर मारायला दोन माणसं ठेवा. थांबल्यावर पाचर मारलीच पाहिजे, नाहीतर उताराला माल स्वतःहून निघतो.

मिरज_जंक्शन

त्रेपन्न विती वाचून मी खरंच मोजायला लागलो. पुढचा भाग लवकर टाका.

तराफा

काठाला दोर कशाला बांधला ते लिवलं न्हाई. खुंटी चिखलात टिकणार न्हाई. वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ हाय, त्याला बांधा. आन दोर दोन ठिवा, एक पुढनं, एक शेपटाकडनं. नाक उघडायच्या आदी दोन्ही ताणून घ्या.